विमानातून आकाश ऐकायचं, तर कान आधी तयार करावा लागतो

देवगडच्या आमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मध्यंतरी एक मजकूर फिरत आला: "विश्वातला पहिला रेणू उडत्या विमानातून सापडला." बातमी बहुतांशी खरी आहे, पण शिळी, ती २०१९ची. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला सोडायला आलेल्या एका ट्रॉलरमालकांनी मला फाटकातच गाठलं. "बाई, विमानात दुर्बीण ठेवल्यार ती हलतली नाय काय?" मी म्हटलं, हलते, पण मोठी अडचण पाण्याची आहे. "आकाशात खयचा पाणी?" तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर अर्ध्यावर राहिलं. प्रश्न मात्र इतका नेमका होता, की त्याचं उत्तर सावकाश आणि पूर्ण द्यावंसं वाटलं.

टेराहर्ट्झ म्हणजे काय?

प्रकाश, रेडिओ, मोबाइलचा सिग्नल, एक्स-रे ही सगळी एकाच जातीची लहर. फरक एवढाच, की ती सेकंदाला किती वेळा वरखाली होते. सेकंदाला एकदा झाली तर एक हर्ट्झ. एक लाख कोटी वेळा झाली तर एक टेराहर्ट्झ. या लहरींची लांबी मिलिमीटरच्याही आत असते. आज ज्या लहरीचं नाव वारंवार येणार आहे ती १.९ टेराहर्ट्झची, म्हणजे ०.१५८ मिलिमीटर लांबीची. माणसाचे दोन केस शेजारी ठेवले तर साधारण तेवढी जाडी भरते.

रेडिओच्या लहरी लांब, दिसणारा प्रकाश फार आखूड, आणि टेराहर्ट्झ या दोहोंच्या मधली. ही जागा बराच काळ ओसाड होती, कारण रेडिओवाल्यांची ट्रान्झिस्टरची विद्या इथवर चढत नाही आणि प्रकाशवाल्यांची लेझरची विद्या इथवर सहज उतरत नाही. पण तारे जिथे जन्मतात ते वायूचे गार ढग नेमके याच पट्ट्यात बोलतात. त्यांतला विद्युतभारित कार्बन १.९ टेराहर्ट्झवर एक ठरावीक सूर लावतो, तर सुटा ऑक्सिजन ४.७ टेराहर्ट्झवर. हे सूर पकडणारं यंत्र म्हणजे टेराहर्ट्झ रिसीव्हर.

आकाशातलं पाणी

आता ट्रॉलरमालकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. जूनमध्ये आपल्याकडे मिठाच्या बरणीत गोळे होतात, आगपेटीची काडी पेटत नाही, माळ्यावरचे पापड मऊ पडतात. हे सगळं हवेतल्या न दिसणाऱ्या वाफेमुळे होतं. तुमच्या डोक्यावरच्या हवेच्या अख्ख्या खांबातली वाफ पिळून तिचं पाणी केलं, तर कोकणात पावसाळ्यात ते पाच-सहा सेंटीमीटर भरतं. टेराहर्ट्झ लहरींना या वाफेचं वावडं आहे. पाण्याचा रेणू त्या लहरी गिळतो आणि गरम होतो. धुक्यात दीपगृहाचा झोत जसा विरतो, तसा आकाशातला सूर वाटेतच विरतो. दीपगृह निदान अंधुक तरी दिसतं; १.९ टेराहर्ट्झचं आकाश आपल्या किनाऱ्यावरून पूर्ण काळं आहे, लख्ख चांदण्या रात्रीसुद्धा.

नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची. ती भर पावसातही काम करते, कारण तिच्या लहरी हाताच्या वितीपासून पुढे मीटर-दोन मीटर लांब असतात आणि वाफ त्यांना हातही लावत नाही. म्हणून "रेडिओ दुर्बीण पावसात चालते, मग ही का नाही?" असं कुणी विचारलं, तर उत्तर लहरीच्या लांबीत आहे.

वाफ मात्र फार उंच जात नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला थडकून रिकामे होतात आणि पलीकडे माण-खटाव कोरडे राहतात, हे आपण रोज पाहतो. उंचावरची थंडी हा तसाच एक घाट आहे, आडवा पसरलेला. तिथवर पोचेपर्यंत वाफ गोठून खाली येते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात पाच हजार मीटरवर हा पाण्याचा थर मिलिमीटरच्या आसपास उरतो. साडेबारा किलोमीटरवर, जिथे प्रवासी विमानं उडतात त्याच्या किंचित वर, तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका होतो. म्हणजे नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त वाफ पायाखाली जाते.

मग सरळ उपग्रहच का नको?

हा आक्षेप रास्त आहे. युरोपची हर्शेल दुर्बीण २००९ ते २०१३ अवकाशात होती आणि तिच्यावर असा रिसीव्हर होता. पण ऑगस्ट २००९ मध्ये त्याच्या एका भागात बिघाड झाला. पंधरा लाख किलोमीटरवर पाना घेऊन कोण जाणार? शेवटी जोडीला ठेवलेल्या राखीव भागावर तो पुन्हा चालू झाला तो जानेवारी २०१० मध्ये. पुढे २९ एप्रिल २०१३ ला थंडावा देणारं हेलियम संपलं आणि दुर्बीण आंधळी झाली.

विमान सकाळी परत येतं. रिसीव्हर खोलता येतो, नवा तुकडा बसवता येतो, पुढच्या वर्षी आणखी चांगला रिसीव्हर लावता येतो. अमेरिकेच्या नासाने आणि जर्मनीच्या डीएलआर या अवकाशसंस्थेने मिळून चालवलेलं सोफिया हे असंच विमान होतं. बोइंग ७४७ची आखूड आवृत्ती, १९७७ पासून प्रवासी वाहिलेली. तिच्या शेपटीकडच्या भागाला मोठं दार कापून आत १७ टनांची, २.७ मीटर आरशाची दुर्बीण बसवली होती. तिच्यावरच्या जर्मन रिसीव्हरचं नाव ग्रेट. आधी तो एका वेळी आकाशाचा एकच ठिपका पाहायचा. पुढच्या आवृत्तीत १.९ टेराहर्ट्झला चौदा आणि ४.७ला सात ठिपके एकदम पाहू लागला. खाली जी तयारी सांगते आहे ती बहुतांशी या घराण्याच्या रिसीव्हरची.

डबलबारीतल्या दोन पेट्या

सेकंदाला एक लाख नव्वद हजार कोटी वेळा हलणारी लहर थेट मोजेल असं इलेक्ट्रॉनिक्स अजून नाही. मग ती मोजायची कशी?

डबलबारीला गेला असाल तर हे तुम्ही ऐकलेलं आहे. दोन भजनी मंडळं आमनेसामने, दोघांच्या पेट्या एकाच पट्टीच्या. बारी सुरू होण्याआधी दोन्ही बुवांनी एकदम सूर धरला आणि एक पेटी किंचित उतरलेली असली, की "वांव… वांव… वांव" असा हेलकावा ऐकू येतो. एका पेटीचा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा आणि दुसरीचा ४४३चा असेल, तर हेलकावे सेकंदाला बरोबर तीन. ४४० कंपनं कुणाच्या कानाला मोजता येत नाहीत, पण तीन हेलकावे पोरंसुद्धा बोटांवर मोजतात. एका पेटीचा सूर पक्का माहीत असेल, तर हेलकाव्यांवरून दुसरीचा काढता येतो.

रिसीव्हर हेच करतो. एक पेटी आकाशात आहे. दुसरी आपण यंत्रात ठेवायची, आकाशाच्या सुराच्या अगदी जवळ लावून. तिला लोकल ऑसिलेटर म्हणतात. मी तिला घरची पेटी म्हणेन. दोन्ही सूर जिथे एकत्र येतात आणि हेलकावा तयार होतो तो तुकडा म्हणजे मिक्सर. हेलकावा काही गिगाहर्ट्झचा, म्हणजे हजारपट खालचा असतो आणि तो मोजायला आजचं इलेक्ट्रॉनिक्स पुरेसं आहे. आपला जुना ट्रान्झिस्टर रेडिओही याच युक्तीवर चालायचा. केंद्र १००० किलोहर्ट्झवर असेल तर आत १४५५चा सूर तयार व्हायचा आणि पुढचं सगळं काम फरकावर, ४५५ किलोहर्ट्झवर, चालायचं.

टेराहर्ट्झमध्ये घरची पेटी बनवणं हेच मोठं दुखणं. १.९ला खालच्या सुराची दुप्पट, तिप्पट करत करत वर चढतात. प्रत्येक पायरीला ताकद गळते, शेवटी हाती उरतं ते वॅटच्या लाखाव्या-दहा लाखाव्या भागात. ४.७ला हा जिना पुरत नाही. तिथे क्वांटम कॅस्केड लेझर लागतो, आणि तोही थंड ठेवावा लागतो.

उलटा थर्मास

मिक्सर हा नायोबियम नायट्राइडचा तुकडा, जाडीला काही नॅनोमीटर. तो अतिसंवाहक, म्हणजे वीज जराही न अडवणारा, होण्याच्या उंबरठ्यावर धरलेला असतो, त्यामुळे जराशी लहर पडली तरी त्याचा विद्युतरोध उडी मारतो. त्यासाठी त्याला उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. शास्त्रज्ञ हे चार केल्विन म्हणतात. केल्विनची मोजणी उणे २७३ पासून सुरू होते. सवड मिळाली की हवेतली उष्णता आत शिरतेच, म्हणून मिक्सर निर्वात भांड्यात बसतो. याला क्रायोस्टॅट म्हणतात. चहाचा थर्मास ज्या तत्त्वावर चालतो तेच इथे, फक्त आत राखायची ती थंडी.

तयारीची सुरुवात या भांड्याची गळती शोधण्यापासून होते. गॅसच्या शेगडीची नळी आपण साबणाच्या फेसाने तपासतो. इथे प्रत्येक सांध्यावर बाहेरून हेलियमची बारीक फुंकर मारतात आणि आत एक यंत्र हेलियमचे अणू मोजत बसतं. कणभर जरी आत आला तरी यंत्र ओरडतं. सूक्ष्म गळतीकडे दुर्लक्ष केलं, तर आत आलेली हवा थंड भागांवर गोठते आणि उड्डाणाच्या मध्यावर थंडी टिकेनाशी होते.

लहर आत यायला भांड्याला खिडकी हवी. ती अनेकदा पॉलिथिनची करतात, एचडीपीईची. ट्रॉलरच्या जाळ्याचा दोर बनतो तेच प्लास्टिक. डोळ्याला दुधाळ, टेराहर्ट्झला जवळजवळ काच. जी लहर पाण्याच्या पातळ थराला हरते, ती प्लास्टिकमधून निघून जाते.

पासंग काढणं

आता ज्या भागासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो.

देवगडच्या बंदरावर लिलावाच्या वेळी मासळीची ओली टोपली ताणकाट्याला लटकते. काट्यावरच्या आकड्यात मासळी आहे, टोपली आहे, टोपलीतलं पाणी आहे, आणि काटा जुना असेल तर त्याचा स्वतःचा खोटेपणाही आहे. मासळी किती हे कळायला आधी बाकीचं सगळं वजा जायला हवं. तराजूचा पासंग काढतात तो यासाठीच.

रिसीव्हरचा काटा फारच वाईट अवस्थेत असतो. खोलीतल्या भिंती, टेबल, तुमचा हात ही सगळी टेराहर्ट्झमध्ये मंद उजळत असतात, कारण प्रत्येक उबदार वस्तू या लहरी सोडते. शिवाय रिसीव्हर स्वतः गुणगुणतो. त्या गुणगुणण्याला नॉइज म्हणतात, आणि ते आकाशाच्या सुराच्या शेकडो, कधी हजारपट मोठं असतं.

मग दोन माहीत असलेली वजनं लावतात. एक काळी, लहरी शोषणारी पट्टी खोलीच्या तापमानाची, साधारण २९५ केल्विन. दुसरी तशीच पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली, ७७ केल्विन. हे दृश्य डोळ्यांपुढे आणा: थर्माकोलच्या डब्यातून पांढरी वाफ सांडते आहे, एकजण काळा तुकडा खिडकीसमोर धरतो, काढतो, पुन्हा धरतो, दुसरा आकडे लिहितो. समजा उबदार पट्टीला आकडा १२० आला आणि थंड पट्टीला १००. म्हणजे २१८ केल्विनच्या फरकाला २० आकडे, एका आकड्याला १०.९ केल्विन. मग थंड पट्टीच्या १०० आकड्यांचे झाले १,०९०. त्यातले ७७ पट्टीचे. उरलेले हजार रिसीव्हरचे स्वतःचे! हाच त्याचा पासंग. आकाशातून येणारा सूर कधी एखाद-दोन केल्विनचा असतो.

हजाराच्या गोंगाटात एक कसा ऐकायचा? वेळ देऊन. गोंगाट कधी वर कधी खाली डळमळतो, सूर मात्र जागच्या जागी असतो. जितकी जास्त वाचनं मिळवाल तितकी डळमळ आपसांत मिटते, पण वेळाच्या वर्गमुळाने: डळमळ निम्मी करायची तर वेळ चौपट. म्हणूनच रिसीव्हरचा पासंग निम्म्यावर आणणं म्हणजे निरीक्षणाचा वेळ एक चतुर्थांशावर आणणं. विमानाच्या दहा तासांच्या रात्रीत ही चैन नसते, ती गरज असते.

त्यात पासंग स्थिर राहत नाही. तापमान जरा हललं, घरच्या पेटीची ताकद जरा सरकली, की काटा सरकतो. ४० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या अर्ध्या जाडीएवढा एखादा आरसा हलला, तरी आत परावर्तित होणाऱ्या लहरींची घडी बिघडते आणि आलेखावर खोट्या लाटा उठतात. म्हणून दुर्बीण थोडा वेळ ढगाकडे बघते, थोडा वेळ शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि मधूनमधून पुन्हा त्या दोन पट्ट्यांकडे. प्रयोगशाळेत तासन्‌तास हेच तपासतात: हा रिसीव्हर किती सेकंद विश्वासाला पात्र आहे? मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत आवडतो तो हा प्रामाणिकपणा. आकाशाबद्दल बोलण्याआधी यंत्राने स्वतःची खोट मोजून सांगायची.

विमानात चढण्याआधीची परीक्षा

प्रयोगशाळेत उत्तम चालणारा रिसीव्हर विमानात बसेलच असं नाही. विमान आपटलं तर हा लोखंडी संसार सुटून माणसांच्या अंगावर येता कामा नये. समोरच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या नऊपट ओढ बसली तरी प्रत्येक बोल्ट टिकला पाहिजे, हा प्रवासी विमानांना लागू असलेला नियम. हिशेब मांडून, कागद करून, तपासनिसाला दाखवून मगच मंजुरी मिळते. द्रव हेलियम वापरायचं तर त्याची वाफ केबिनबाहेर सुरक्षित जायला हवी, नाहीतर ती श्वासातल्या ऑक्सिजनची जागा घेते.

आणखी एक गंमत. सोफियात दुर्बिणीची खोली बाहेरच्या आकाशाला उघडी असायची, उणे चाळीस अंशांच्या आसपास. तिच्या आणि माणसांच्या मध्ये हवाबंद भिंत. रिसीव्हर भिंतीच्या अलीकडे, माणसांच्या बाजूला, पण दुर्बिणीच्याच दांड्याला जोडलेला. दुर्बीण वरखाली झाली की तोही कलतो. म्हणून त्याला कलवून कलवून तपासावं लागतं. विमानातली वीजही वेगळी, घरात ५० हर्ट्झची तर तिथे ४०० हर्ट्झची, आणि तिचा गुंजारव नाजूक तारांत शिरू द्यायचा नसतो.

परतीचीही काळजी घ्यावी लागते. थंडगार कोकम सरबताचा स्टीलचा पेला बाहेरून घामेजतो. उणे चाळीसचा आरसा जमिनीजवळच्या दमट हवेत आला तर तोही तसाच घामेजेल, म्हणून उतरताना त्या खोलीत कोरडी हवा भरतात.

आणि हो, हलत नाही का?

हलते. म्हणूनच दुर्बीण विमानाला घट्ट जोडलेली नव्हती. ती तेलाच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या मोठ्या गोळ्यावर पेललेली आणि हवेच्या उश्यांवर टेकलेली होती. विमान तिच्याभोवती हलायचं, ती गायरोस्कोपच्या मदतीने ताऱ्याकडे टक लावून राहायची. नेम इतका पक्का, की चार किलोमीटर आत समुद्रात उभ्या होडीवरची सोललेली सुपारी सुटणार नाही. दुर्बीण डाव्या अंगालाच पाहू शकत होती, त्यामुळे मार्ग ताऱ्यांवरून ठरायचा. एक तारा संपला की विमान वळायचं. वळण चुकलं तर ती वेळ गेली.

एवढं करून मिळालं काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो रेणू, हेलियम हायड्राइड. महास्फोटानंतर अणू जोडले जाऊ लागले तेव्हा सर्वांत आधी हाच बनला, असं सिद्धान्त सांगतो. प्रयोगशाळेत तो १९२५ सालीच बनवला गेला होता, आकाशात मात्र सापडत नव्हता. त्याचा सूर २.०१ टेराहर्ट्झवर. घरची पेटी त्या सुरापर्यंत लावता आल्यावर, मे २०१६ मधल्या तीन उड्डाणांत, हंस तारकासमूहातल्या एनजीसी ७०२७ या मरत्या ताऱ्याच्या वायूत तो ऐकू आला. हा रेणू विश्वाच्या आरंभीचा नव्हे, त्या ताऱ्याजवळ ताजा बनलेला आहे; फिरणाऱ्या मजकुरात एवढी चूक होती.

दुसरं उदाहरण मृग नक्षत्राचं. तिथल्या तेजोमेघात एका तेजस्वी ताऱ्याच्या वाऱ्याने वायूचा प्रचंड बुडबुडा फुगवला आहे, सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने. हा वेग कसा कळला? आपल्याकडे येणारा वायू सूर किंचित चढवतो, शिट्टी वाजवत जवळ येणाऱ्या कोकण रेल्वेसारखा. १.९ टेराहर्ट्झला सेकंदाला १ किलोमीटर वेग म्हणजे सुमारे ६.३ मेगाहर्ट्झचा फरक. डबलबारीच्या युक्तीने इतका बारीक फरकही सहज मोजला जातो.

"याचा आपल्याला उपयोग काय?" असंही विचारतात. २००४ साली सोडलेल्या नासाच्या ऑरा उपग्रहावर असाच २.५ टेराहर्ट्झचा रिसीव्हर होता. ओझोनच्या थराशी निगडित हायड्रॉक्सिल हा घटक त्याने वरून मोजला.

मग ते विमान बंद का केलं?

वर्षाला सुमारे साडेआठ कोटी डॉलर लागायचे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या २०२१ च्या आढाव्याने खर्चाच्या मानाने फळ कमी असं म्हटलं आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सोफिया शेवटचं उतरलं. आता ते ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात आहे. हिशेब मला समजतो, पटत मात्र अर्धाच. दुरुस्त करता येणारा आणि दर वर्षी सुधारता येणारा रिसीव्हर अवकाशात ठेवायची सोय आजही नाही.

काम थांबलेलं नाही, ते फुग्यावर गेलं. ३१ डिसेंबर २०२३ ला अंटार्क्टिकावरून सोडलेला नासाचा गस्टो हा फुगा ५७ दिवस तरंगत कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे हेच सूर ऐकत होता.

फुग्याचा वारसा आपल्याकडेही आहे. मुंबईत कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण बांधली आणि हैदराबादच्या आपल्या केंद्रातून ती फुग्याला टांगून वर पाठवली. जपानी शास्त्रज्ञांचा वर्णपटमापक जोडून तिने १५८ मायक्रॉनचा कार्बन नोंदला, तोच १.९ टेराहर्ट्झचा. त्याची मोजायची पद्धत वेगळी, घरची पेटी नसलेली. पाण्याच्या वर जाण्याची धडपड मात्र तीच. रात्र संपली की फुग्यापासून दुर्बीण सोडवतात. ती पॅराशूटने जिथे उतरेल तिथून शोधून ट्रकवर चढवतात, परत आणतात, वाकलेलं सरळ करतात, आणि पुढच्या उड्डाणासाठी पुन्हा पहिल्यापासून तिचा पासंग काढायला बसतात.